कुणी चौकशी केली का?

संस्थेत तिला सगळे रकानेबाई म्हणत, आणि तेही तोंडावर. तिला त्याचं काही वाटत नसे. नाव ठेवायचंच होतं तर लोकांनी निदान कामावरून ठेवलं, रूपावरून नाही, यातच तिला समाधान होतं.

संस्थेचं काम साधं होतं. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांच्या घरी आठवड्यातून एकदा माणूस पाठवायचा. त्यानं तासभर बसायचं, बोलायचं, फार तर गेलेला दिवा बदलून द्यायचा आणि परत यायचं. या भेटींनी खरंच काही फरक पडतो का, हे शोधून काढणं रकानेबाईकडे होतं. देणगीदार मंडळींनी या वर्षी स्पष्टच सांगितलं होतं की फरक पडतो असं दाखवा, नाहीतर भेटी बंद. डोळ्यांत पाणी आणणाऱ्या गोष्टी त्यांनी पुष्कळ ऐकल्या होत्या. आता त्यांना पुरावा हवा होता.

पुरावा म्हणजे तुलना, हे तिनं संचालकांना किती वेळा समजावलं असेल देव जाणे. ज्यांच्याकडे माणूस जातो ते खुशीत दिसले, म्हणून ते माणसामुळेच खुशीत आहेत असं होत नाही. हवा बदलली असेल, मुलीचा फोन आला असेल. म्हणून ज्यांच्याकडे कुणी जात नाही अशांनाही तेच प्रश्न विचारायचे. संस्थेकडे म्हातारे जास्त आणि भेटीला जाणारे कमी, हे दुखणं जुनंच. तिनं त्याचाच उपयोग करून चिठ्ठ्या टाकल्या. ज्यांची चिठ्ठी निघाली त्यांच्याकडे भेटी सुरू झाल्या. उरलेले पुढच्या वर्षासाठी थांबले, आणि तोवर तिच्या भाषेत ते झाले तुलना गट. दोन्ही गटांना दर पंधरवड्याला फोन जायचा. तेच प्रश्न, त्याच क्रमानं, त्याच सुरात.

तुलना गटाचे फोन ती स्वतः करी. फोनसाठी ठेवलेल्या दोघी मुली कामाला वाघ होत्या, पण त्यांच्या तोंडाला कुलूप नव्हतं. "अय्या, मग काय केलंत हो आजी?" असं एकदा म्हटलं की प्रश्नाचा पार चुथडा होतो. हे झालं सांगायचं कारण. दुसरं कारण ती स्वतःलाही सांगत नसे. आई गेल्यापासून तिच्या घरात बोलायला कुणी उरलं नव्हतं. भाऊ दुसऱ्या शहरात होता. तो रोज सकाळी मोबाइलवर फुलांचं चित्र पाठवी आणि वहिनी त्याखाली अंगठा उमटवी. भाचीला वाढदिवस आठवे, पण दोन दिवसांनी. अशा बाईला दुपारी हक्कानं दहा-बारा घरी फोन करायला मिळाला, तर ती तो दुसऱ्याला कशाला देईल?

त्या घरांपैकी एक घड्याळवाल्या काकांचं. जन्मभर घड्याळं दुरुस्त केली, पुढे हात थरथरू लागला आणि दुकान बंद करावं लागलं, एवढी माहिती तिच्याकडे होती. काका पहिल्याच रिंगला फोन उचलत.

"विचारा, मी तयार आहे."

"या आठवड्यात तुम्ही घराबाहेर पडलात का?"

"पडलो. म्हणजे चालत पडलो, घसरून नाही. तसं लिहा बरं का, नाहीतर तुमचे साहेब घाबरतील."

हसायचं नाही असा नियम तिनंच केलेला. ती फोन बाजूला धरून हसून घेई, मग घसा साफ करून पुढचा प्रश्न विचारी. काका तेवढा वेळ थांबत. त्यांना सगळं कळत असावं.

सहा महिन्यांनी उत्तरं एकत्र मांडली आणि तिच्या पायाखालची जमीन सरकली. सगळा भार ज्या प्रश्नावर होता तो होता, "गेल्या पंधरा दिवसांत कुणी तुमची चौकशी केली का?" भेटी मिळणारे म्हणत होते हो. भेटी न मिळणारेही म्हणत होते हो. फरक शून्य.

संचालक खुर्चीत मागे रेलले. "म्हणजे इतकी वर्षं आपण उगाच माणसं पाठवतोय?"

"असं नाही म्हणता येणार," ती म्हणाली. आणि कागद गोळा करून ती आपल्या टेबलावर परत आली.

त्या दुपारी तिनं स्वतःचा नियम मोडला आणि काकांना अधलामधला, कागदावर नसलेला प्रश्न विचारला. "काका, तुम्ही दर वेळी हो म्हणता. चौकशी करतं कोण?"

"कोण म्हणजे?" काका चकित झाले. "तुम्ही! दर पंधरा दिवसांनी न चुकता करता की. तुमचा फोन ठेवला की मी शेजारी सांगतोसुद्धा, आमची चौकशी झाली म्हणून."

तिनं कपाळाला हात लावला. तो शब्द तिनंच निवडला होता. 'विचारपूस' तिला फार गोडगोड वाटला होता, 'चौकशी' कसा सरळ आणि स्वच्छ. कचेरीत साहेबासमोर घाम फोडते तीही चौकशी आणि ताप आलेल्याच्या दारात उभी राहते तीही चौकशी, हे शाळेतल्या पोरालाही कळतं. तिच्या लेखी तिचा फोन यातला कुठलाच नव्हता, तो फक्त मोजण्याचं काम करत होता. प्रश्नातल्या 'कुणी'मध्ये तिनं स्वतःला कधी धरलंच नव्हतं. आणि त्या सगळ्यांनी न सांगता धरलं होतं.

"मग शब्द बदला आणि पुन्हा विचारा," संचालक म्हणाले. "त्यात काय एवढं?"

"शब्द बदलून काय होणार, सर? माझ्या फोननं ती माणसं आधीच थोडी बरी झालीयत. फोनच थांबवावे लागतील. दोन्ही गटांचे. तीन महिने. मग एकच शेवटची फेरी."

"त्यांना कारण काय सांगणार?"

"काहीच नाही. सांगायला फोन केला, तर तीही चौकशीच झाली."

हे बोलताना तिचा आवाज नेहमीसारखा सपाट होता. त्याच दिवशी तिनं रिसेप्शनवरच्या बाईंना बजावलं की तुलना गटातल्या कुणाचा फोन आला तर मला जोडायचा नाही, निरोपही घ्यायचा नाही, गोड बोलून ठेवून द्यायचा. पद्धत म्हणजे पद्धत. भेटी वाचवायच्या तर दुसरा इलाज नव्हता, आणि भेटी बंद झाल्या असत्या तर तुलना गटाला पुढच्या वर्षी मिळणारा माणूसही गेला असता. तिचं काहीच चुकत नव्हतं. तरी फोन नसलेल्या दुपारी तिला खायला उठत. ती जुने कागद लावी, लावलेले पुन्हा लावी. घरी टीव्ही लावून ठेवी, म्हणजे कुलूप उघडताना आतून आवाज येई. काकांना काय वाटत असेल हा विचार ती नेटानं बाजूला सारी. आपल्याला काय वाटतंय हा विचार तर ती दाराशीच अडवी. एकदा शनिवारी संध्याकाळी तिच्या लक्षात आलं की शुक्रवारी ऑफिस सुटल्यापासून आपण तोंडातून एक शब्द काढलेला नाही. तिनं आरशापुढे उभं राहून "बरं" असं म्हणून पाहिलं. आवाज घोगरा निघाला. त्या संध्याकाळी ती खूप रडली.

तीन महिने सरले आणि शेवटची फेरी आली. भेटी मिळणाऱ्यांनी सांगितलं, हो, केली चौकशी, तुमचा तो मुलगा येतो ना भेटायला. तुलना गटाकडून एकामागून एक नाही, नाही, नाही. तिला हव्या त्याच उत्तरांनी रकाना भरत होता. भेटी वाचणार हे दुपारपर्यंत नक्की झालं. मात्र 'नाही'वर खूण केली की ती घाईनं पुढचा नंबर लावी.

काकांना तिनं मुद्दाम शेवटी ठेवलं होतं. फोन बराच वेळ वाजला.

"हॅलो?"

"नमस्कार, मी संस्थेतून बोलतेय. काही प्रश्न विचारायचे होते."

पलीकडून फक्त, "विचारा." 'मी तयार आहे' नव्हतं.

घराबाहेर पडलात का? नाही. झोप लागते का? बेताची. मग तो प्रश्न आला. तिनं तो त्याच सुरात विचारला, कसा ते तिचं तिलाच ठाऊक.

"माझी नाही केली कुणी," काका म्हणाले. "मी केली मात्र. तुमची."

"माझी?"

"फोन बंद झाले ना तुमचे. म्हटलं आजारी पडली की काय पोरगी. दोनदा ऑफिसात फोन केला. बाई फार गोड बोलल्या, पण जोडता येत नाही म्हणाल्या. निरोप तरी द्या म्हटलं, तर तोही घेत नाही म्हणे. हे तुमच्या कागदात कुठे बसतं का?"

कागदात ते कुठेच बसत नव्हतं. इतक्या महिन्यांत तिची चौकशी करणारं एकच माणूस निघालं होतं, आणि त्याला दारातून परत पाठवायचा हुकूम तिनंच दिला होता. तिनं 'नाही'वर खूण केली. ते उत्तर खरंच होतं. मग तिनं पेन खाली ठेवलं.

"काका, मला फोन जोडून दिला असता, तर काय विचारणार होतात?"

"दुसरं काय विचारणार? बरी आहेस ना, एवढंच."

समोरच्याच्या तोंडी उत्तर घालायचं नाही, त्याला वेळ द्यायचा, हे ती मुलींना घोकून घोकून शिकवी. काकांना कुणी शिकवलं नव्हतं, पण ते थांबले.

"नाही, काका," ती म्हणाली. "बरी नाहीये मी."