हौद ओला आहे तोवर

या, जरा जवळ सरकून बसा. दाराशी उभं राहून कथा कानात शिरते, काळजात नाही. आज एका कागदवालीची गोष्ट सांगतो.

तिच्या सासऱ्यांनी डोळे मिटण्यापूर्वी सर्वांदेखत सांगितलं होतं, "हौदात लगदा आहे तोवर ही खोली थोरल्या सुनेची." नवरा आधीच गेलेला. जुने सुती कपडे फाडून कुटायचे, लगदा पाण्यात कालवायचा, जाळीच्या चौकटीवर उचलून कागद करायचा, यावरच तिचं पोट. धाकट्या दिराला मात्र त्या खोलीत गोदाम दिसे. वडिलांचा शब्द उघड मोडायची छाती नव्हती, म्हणून त्याने चिंधीवाल्यालाच दम भरला.

चिंध्या बंद झाल्या. कागदवालीने उशांचे अभ्रे कुटले, पडदे कुटले.

"वहिनी, आता काय अंगावरचं कुटणार?" दीर दारातून हसला.

"वेळ आली तर तेही, भावोजी. देवानं तरी कुठे कपडे घालून पाठवलं होतं?"

हौदाचा तळ दिसायला लागला तशी एका दुपारी धाकटी जाऊ आली. नळावरून रोज भांडणारी ती! तिने निळ्या शिवणीच्या गळपट्टीचा पांढरा सदरा पुढे टाकला. गुंड्या आधीच काढलेल्या.

"अगं, हा तर भावोजींचा ठेवणीतला!"

"सुती आहे ना? मग कुटा. मामंजींच्या उशाशी रात्र रात्र तुम्ही बसलात. दिसत होतं मला, जाऊबाई. भांडायच्या नादात बोलायचं राहिलं."

दोन दिवसांनी दीर विटक्या सदऱ्यात, गोदामासाठी गिऱ्हाईक घेऊन आला. "ही बघा, रिकामीच आहे..."

कागदवाली मनात देवाचं नाव घेत चौकट हौदात बुडवत होती. आजवर एकटीनेच कशीबशी रेटली होती, आज मात्र ती पेलेना. नवरा असताना दुसरं टोक तो धरी. धाकटी पदर खोचून पुढे झाली. चौकट सरळ वर आली. पाणी निथळलं, जाळीवर कागदाचा पांढराशुभ्र ताव उरला. कडेला गळपट्टीचा निळा दोरा.

दिराचे डोळे विस्फारले. "माझा सदरा!"

"होय की," बायको म्हणाली. "आज पहिल्यांदा कुणाच्या उपयोगी पडला."

"आणि हा संपल्यावर?" दीर फणकारला.

"तुमचा पायजमा आहे ना!"

गिऱ्हाईक पोट धरून हसलं. "नको रे बाबा! इथं माल ठेवला तर त्याचाही कागद व्हायचा." आणि चालतं झालं. हा किस्सा गल्लीभर झाला, दिराचा धाक सरला, आणि चिंधीवाला आपणहून चिंध्यांचं गाठोडं टाकून गेला.

कागदवालीचं कौतुक सगळेच करतात. तुम्ही मात्र हात जोडाल तेव्हा चौकटीचं दुसरं टोक धरणारीलाही आठवा.