फॉर्ममधली राहिलेली ओळ

हॉस्पिटलातल्या डायलिसिसचे नंबर सोमवारपासून वहीऐवजी वेबसाइटवर लागणार होते आणि तो फॉर्म सजवायचं काम भाचीकडे आलं होतं. पायथॉन या संगणकभाषेच्या फ्रेमवर्कमध्ये, म्हणजे तयार साच्यात, फॉर्म आयता मिळतो, पण दिसायला अगदीच ओबडधोबड. तिला ते बघवेना. तिने एकेक चौकट हाताने मांडली, कोपरे गोल केले, अक्षरं मोठी केली. आपल्या मामालाही इथेच नंबर लावायचाय म्हणून जरा जास्तच जीव ओतला.

त्यात एक ओळ राहिली. आयत्या फॉर्ममध्ये भरणाऱ्याचं काही चुकलं तर तशी सूचना आपोआप येते. चौकटी हाताने मांडल्या की ती एक ओळ लिहून आपली आपण मागवावी लागते. तपासताना तिने फॉर्म दरवेळी बरोबरच भरला होता. आपल्या कामात खोट काढायला कोण बसतं?

मामा निवृत्त शिंपी, काटेकोर माणूस. त्याने कार्डावरचा नंबर जसाच्या तसा टाकला, मधल्या आडव्या रेघेसकट. फॉर्मला नुसते आकडे हवे होते. बटण दाबल्यावर तेच भरलेलं पान परत आलं, कुठे काही लाल नाही. नाव दिसतंय म्हणजे नोंद झाली, असं समजून तो फोनची वाट बघत बसला. फोन आला नाही की पुन्हा भरायचा. मंगळवारी, बुधवारीही तेच. बाकीचे पेशंट खिडकीवर भांडून नंबर लावून आले. मामा भांडला नाही, कारण फॉर्म भाचीने केलेला होता. गुरुवारी सकाळी त्याला श्वास लागला आणि हॉस्पिटलच्या दारातच सगळं संपलं.

भाची कामावर परतली तेव्हा तिने नोंदी उघडल्या. मामाच्या कार्डाचा नंबर नऊ वेळा, नऊही वेळा नाकारलेला. राहिलेली ओळ लिहायला तिला एक मिनिटसुद्धा लागलं नाही.

संध्याकाळी ती मामीकडे गेली. मामी मामाचे सदरे घडी करून ठेवत होती. भाचीने तोंड उघडण्याआधीच ती म्हणाली, "शेवटपर्यंत हे सगळ्यांना तो फॉर्म दाखवत होते. म्हणायचे, आमच्या पोरीचं काम बघा, एक टाका वाकडा नाही."

भाचीला वाटलं, हे ऐकून घ्यावं आणि गुपचूप निघून जावं. पण नऊ नोंदी डोळ्यांसमोरून हलेनात.

"मामी," ती म्हणाली, "त्यात एक ओळ राहिली होती. माझ्याकडून."

मामीचा हात सदऱ्यावर तसाच राहिला.