दादऱ्याची गाठ

यंदाचं हे चौथं वर्ष. रंगूबाईनं कैऱ्यांच्या टोपलीकडं बघितलं आणि तिच्या मनात आलं, आता पुरे. एकच गोष्ट माणसानं किती वेळा लपूनछपून करावी? चोरसुद्धा चार वर्षांत कधी तरी दम खात असेल.

पण सासू औंधाला गेली होती, यमाईच्या दर्शनाला. शेजारच्या हंबीररावाच्या बैलगाडीतनं तांबडं फुटायला निघालेली साळूबाई उद्या दुपारपर्यंत काही परतत नव्हती. दर चैत्रात तिचा हा नेम, आणि दर चैत्रात रंगूला मिळायचा तो हा एकच दिवस. तो हुकला की वर्ष हुकलं. तेव्हा कंबर धरून का होईना, उठणं भाग होतं.

झालं होतं ते असं. बेचाळीस सालच्या चैत्रात रंगूचा नवरा अर्जुना लामावर निघाला, म्हणजे लढाईवर. आणि नेमक्या त्याच सकाळी साळूबाईला लेकासाठी गुळांबा करायची बुद्धी झाली. गुळांबा म्हणजे अर्जुनाचा जीव की प्राण. लहानपणी चोरून खाताना त्यानं दोन बरण्या फोडल्या होत्या. पण तो म्हणाला, "आये, पलटणीत बरणी कुठं वागवू? ठिव तशीच. मी आलो की मीच सोडीन."

दुपारची गाडी धरायची होती, कोरेगावचं ठेसन गाठायचं होतं. गुळांबा नुसता वाफाळत होता. साळूबाईनं तो तसाच कढत कढत बरणीत ओतला, वर दादरा घातला, आणि अर्जुनानं त्या फडक्यावर आपल्या हातानं सुतळी आवळली. बैलाच्या दाव्याला मारतात तशी करकचून गाठ मारली. मग चार बायकांच्या देखत साळूबाई बोलून गेली, "ही गाठ माझ्या लेकाची. त्योच सोडंल. तवर ह्या घरात गुळांब्याचं बोट कुनी चाटायचं न्हाई. बरनी टिकली तर माझा ल्योक टिकला म्हना."

बोलणाऱ्याचं काय जातं! निस्तरायचं असतं ते दुसऱ्यानं.

अहो, गरम गुळांब्याचं तोंड बांधू नये, हे गावातल्या शेंबड्या पोरीलाही ठाऊक असतं. वाफेचं पाणी होतं, ते आत ठिबकतं आणि बुरशी धरते. साळूबाईला हे ठाऊक नव्हतं असं नाही, जन्म गेला होता तिचा चुलीपुढं. पण लेक निघाला होता ना. तसल्या घाईला औषध नाही.

म्हातारी रोज सकाळी देवाला हळदकुंकू वाहायची आणि तेच बोट बरणीला लावायची. गाठीवरनं एकदा बोट फिरवायची आणि मग चहा घ्यायची. वर्ष गेलं. पाडव्याच्या तोंडावर रंगू घर सारवत होती. तिनं बरणी जरा बाजूला सरकवली आणि भपकन आंबूस वास आला. सासू शेजारी गेली होती. गाठ हातानं सुटेना, तेव्हा रंगूनं दात लावले. आत बघितलं तर बोटभर बुरशी, पांढरी, मध्ये मध्ये हिरवी. अर्जुनाचं तीन महिन्यांत पत्र नव्हतं. सासूच्या त्या बोलण्यावर आपला विश्वास नाही असं ती स्वतःला सांगत होती, पण सांगता सांगता दाराकडं बघत होती. तिनं दादरा परत घातला आणि जमेल तशी गाठ मारली. बैलाची गाठ तिला कुठली यायला? तिनं आपली पोत्याच्या तोंडाला मारतात तशी मारली.

मग आठवडाभरातच साळूबाईनं औंधाला जायचं काढलं. गुडघे धरलेली बाई, अंगणातनं घरात यायला दोनदा टेकायची, पण यमाईचा डोंगर चढायचाच म्हणून हटून बसली. रंगूला वाटलं, देवीच पावली.

तेव्हापासनं दर चैत्रात जुना गुळांबा काढून बरणीत नवा भरायचा, हे असंच चाललं होतं. घरात गुळांबा शिजवला तर वास आळीभर जाणार, म्हणून गुऱ्हाळावर जायचं. विहिरीवरच्या आंब्याच्या कैऱ्या साळूबाई लोणच्याला म्हणून आणवून ठेवायची. त्यातल्या चाळीसभर रंगू उचलायची. सासूनं कैऱ्या कधी मोजल्या नाहीत, हेही रंगूला नशीबच वाटायचं.

यंदाही ती बरणी गोणपाटात गुंडाळून, डोक्यावर टोपली घेऊन, उन्हातनं गुऱ्हाळावर गेली. नाथाजी गुळव्या काहिलीपाशी उभा होता. त्यानं काही विचारलं नाही, चुलवणाच्या कडेचा निखारा ओढून दिला आणि ताज्या गुळाची ढेप पुढं केली.

"ह्या साली तरी गुळांबा चाखून बघा की वैनी," तो म्हणाला.

"मला चालत न्हाई, भावजी."

"आन बरनीतला जुना?"

"तुमी खावा. मानसांस्नी वाटा."

पहिल्या वर्षीचा तिनं उकिरड्यात पुरला होता. पुढचे दोन चांगले निघाले होते, नुसते काळे पडले होते. खरं तर बदलायची गरज नव्हती. पण दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. वर्ष भरत आलं की रंगूला झोपेत तो आंबूस वास यायचा, आणि मग तिला राहवायचं नाही.

विळीवर कैऱ्या चिरता चिरता तिचे खांदे भरून आले. सकाळपासनं धारा, शेण, भाकऱ्या, मोटेवरचं पाणी, आणि वर हे. लढाई संपूनही वर्ष होत आलं होतं. 'येतो येतो' म्हणून अर्जुनाची दोन पत्रं आली होती, तो मात्र आला नव्हता. येणारच आहे तर आता कशाला करायचा? पण आता तर बरणी तोच उघडणार. त्याच्यासमोर बुरशी निघाली तर? म्हातारी म्हणेल, माझ्या लेकाची गाठ हिनं सोडली. आणि ते खरंच होतं. गेली चार वर्षं रंगूच्या उरावर हा एवढाच धोंडा होता.

फोडी गुळात शिजल्या, पाक बोटाला चिकटायला लागला, तिनं लवंगा टाकल्या. मग पातेलं खाली उतरवून ती बसून राहिली. गार झाल्याबिगर भरायचा नाही, हे तिनं पहिल्याच वर्षी स्वतःला बजावलं होतं. पातेल्यापाशी बसल्या बसल्याच तिचा डोळा लागला. नाथाजीनं हाक मारली तेव्हा ऊन उतरलं होतं. तिनं बरणी भरली, दादरा बांधला, आणि डोक्यावर घेऊन ती घरी आली. दुसऱ्या दिवशी साळूबाई परतली, ती गुडघ्याला चुना-हळद थापूनच बसली.

आणि वैशाखात, भर दुपारी, अर्जुना दारात येऊन उभा राहिला.

वाळला होता. कानशिलावरचे केस पांढरे झाले होते. पत्र्याची पेटी खाली ठेवून तो पायरीवरच बसला, आत यायचंसुद्धा त्याला सुचेना. साळूबाईनं भाकरीचा तुकडा ओवाळून टाकला, त्याचं हात-तोंड चाचपून बघितलं, रडून घेतलं. मग डोळे पुसून म्हणाली, "आदी बरनी."

रंगूनं बरणी पुढ्यात आणून ठेवली. अर्जुनानं गाठीला हात घातला आणि तो थांबला.

"आये," तो म्हणाला, "ही गाठ माझी न्हाई."

सांगावं की पाया पडावं, रंगूला काही कळेना.

"न्हाईच तुझी," साळूबाई म्हणाली. "तुझी पयल्याच साली सुटली. ही तिची हाय. चार वरसं तीच बांधती."

रंगूनं विचारलं, "आत्याबाई, तुमास्नी कवापास्नं ठावं?"

"आगं, नागपंचमीपास्नंच वास मारत हुता बरनीला. मला काय नाक न्हाई? पर उघडून बगायचं धाडस हुईना. मग पाडव्याला गाठीवनं बोट फिरवलं, तर गाठ येगळी. म्हनलं, पोरीनं बगितलं."

"आन तवाच तुमी औंधाला..."

"न्हाई तर काय! ह्या गुडघ्यांनी डोंगर चढायची हौस हाय व्हय मला? तुला दिस मोकळा मिळावा म्हून जात हुते. चार डाव गेले. यमाई बी म्हनली आसंल, ही म्हातारी घरात का बसंना."

अर्जुना हसला. रंगूला मात्र हसू आलं नाही. चार वर्षांचा शीण एकदम तिच्या अंगावर आला, आणि शिणाच्या मागनं राग आला. सासूपुढं तिनं कधी मान वर केली नव्हती, ती आज केली.

"मग बोलला का न्हाई वो? येका शबुदानं? चोरावानी पळत हुते मी, आत्याबाई. बरनीचा वास सपनात यायचा मला. तुमास्नी ठावं हुतं, आन बसून बगितलं व्हय?"

साळूबाईनं पदराचा काठ दोनदा बोटाला गुंडाळला आणि सोडला.

"बोलले आसते तर तू म्हनाली आसतीस, कळलंच हाय म्हातारीला, आता कशाला करायचं," ती म्हणाली. "आन तू केलं नसतंस, तर म्या कशाच्या जिवावर बसले आसते गं हितं? तुझी गाठ हाताला लागली की म्हनायची, हिला वाटतंय त्यो येनार. मग मला बी वाटायचं."

अर्जुनानं गाठ सोडली. गुळांबा लालसर, नितळ होता. त्यानं चमचा भरून आईपुढं धरला. साळूबाईनं त्याचं मनगट धरून चमचा रंगूकडं वळवला.

"तिला आदी. चार वरसांत बोट चाटलं न्हाई तिनं."

रंगूनं तोंड उघडलं. जीभ गोडानं भरली.

"गूळ लय झालाय," ती म्हणाली.

"हुनारच की. चाखल्याबिगर कसा कळंल?" साळूबाई म्हणाली. "फुडल्या साली दोगी मिळून करू. घरात. चाखत चाखत."

रंगूनं मान हलवली आणि भिंतीला टेकून डोळे मिटले. भर दुपारी, सासू समोर बसलेली, नवरा चार वर्षांनी घरात आलेला, धुण्याचा ढीग तसाच पडलेला. तिला गाढ झोप लागली, आणि त्या दोघांनी तिला उठवलं नाही.