दादांच्या फोटोखालची ओवी

संग्रहालयाची यादी जगाला खुली झाली, त्या दिवशी साताऱ्यात कमानी लागल्या. कळ दाबली राजवर्धनदादांनी. आता कुणालाही घरबसल्या कळणार होतं, इथं काय काय आहे आणि ते कुणी केलंय.

कुणी केलंय, हे तर फारच सोपं होतं. पाणपोई असो की बसथांबा, आपल्याकडं नाव दादांचंच लागतं. त्याच सवयीनं 'निर्माता' ह्या रकान्यात सगळीकडं दादा पडले. दोन हजार वर्षांचं मडकं दादांनी घडवलं. चारशे बारा कॅसेटींवर जात्याशी बसून, बायकी गळ्यानं, दादाच गायले. परदेशातल्या एका अभ्यासकानं पत्र पाठवून विचारलं, हे गृहस्थ अजून हयात आहेत का?

आटपाडीकडून पहिल्या एस्टीनं साठीची साळूबाई आली. नात राणीची हळद शुक्रवारी. हळदीला आईची ओवी म्हणायची, तर पहिलीच ओळ आठवत होती. चाळीस वर्षांमागं एका प्राध्यापकानं जात्याशेजारी मशीन ठेवून ती भरून नेली होती, आणि त्याच्या कॅसेटी पुढं ह्या संग्रहालयात जमा झाल्या होत्या.

"आयचं नाव तानूबाई. बग बाई, कुटं हाय."

यादी सांभाळणाऱ्या संयोगितानं नाव टाकलं. काही नाही. गाव टाकलं. काही नाही.

"कॅसेटींत दादांचं टाकलं की चारशे बारा निघतात, आजी."

"आगं, दादा दळाया कवा बसलं?"

संयोगितानं खोकं पुढं ठेवलं. प्रत्येक कॅसेटीवर दादांचा हसरा फोटो चिकटवलेला.

"मास्तर हिरव्या शाईनं नाव-गाव लिवायचा. म्या बघितलंय," म्हणत साळूबाईनं पदराचं टोक टेबलावरच्या तांब्यात बुडवलं आणि दादांचा गाल खरवडायला घेतला. संयोगितानं साहेबांच्या दाराकडं एकदा बघितलं. मग तिनंही नख लावलं.

जेवणाच्या सुट्टीपर्यंत सदतीस दादा निघाले, प्रत्येकाखाली कुणा ना कुणा बाईचं नाव. अडतिसाव्याखाली हिरवी शाई: तानूबाई.

कॅसेट लागली. आधी जात्याची घरघर, मग आवाज:

हळद दळता दळता, पिवळी झाली गं माजी चोळी,
मेंढ्या सोडूनी मल्हार, भाऊ आला गं मुराळी.

"मुराळी!" साळूबाईनं कपाळावर हात मारला. "मामा न्यायला आल्याला, ते कसं इसारली मी!"

तेवढ्यात जातं थांबलं आणि आतून आई ओरडली, "साळे! करडू सुटलं बग!"

साळूबाई खुर्चीतून अर्धी उठली होती. मग तशीच खाली बसली, पदर तोंडाशी धरून.

दारात संग्रहालयाचे प्रमुख यशराजसाहेब. टेबलावर ओल्या दादांचा ढीग.

"अहो आजी, हे काय केलंत? दादांच्या कार्यक्रमाला लावलेले फोटो हे!"

"व्हय साहेब. दादास्नी म्हणावं, शुक्रवारी हळद दळाया या. जातं हाय माज्याकडं. गायलं, तर ठेवा त्यांचं नाव."

साहेब ओले फोटो गोळा करू लागले. संयोगितानं तोवर रकान्यातलं नाव खोडून लिहिलं: तानूबाई. गाव लिहिलं, ओवीच्या दोन्ही ओळी लिहिल्या, भावाचं नावही.

संध्याकाळी साहेबांनी घाबरत घाबरत कॅसेटींत दादांचं नाव टाकून बघितलं. चारशे अकरा.

"एक कमी झालीय, हे दादांना कोण सांगणार?" त्यांनी विचारलं.

उरलेल्या कॅसेटींचं खोकं पुढं ओढून संयोगिता तांब्यात पाणी भरून घेत होती.

"उद्या एकदमच सांगू की, साहेब."