कपाटातला अलार्म

बायको, गोजरा, गेली हे हिरामणला कळलं ते तिच्या मोबाइलच्या अलार्ममुळे. सकाळी तो चहा टाकत होता आणि आतून आवाज येतच राहिला.

"अगं, बंद कर ना ते!" तो ओरडला. आवाज थांबेना. जाऊन पाहतो तर गोजराचे डोळे अर्धे उघडे, आणि उशाशी फोन थरथरतोय.

सीवूड्सच्या डॉक्टर नाझियांनी नंतर गोजराचे जुने ईसीजी पाहिले, मग मुलीचा, उन्नतीचा काढला.

"काका, हृदयाच्या पेशीला पातळ पडदा असतो. त्यात बारीक दारं. ठोका पडला की पोटॅशियम त्यांतून बाहेर जातं, मग पेशी पुढच्या ठोक्याला तयार होते. काकींची ती दारं नीट उघडत नसावीत. अशा माणसाला अचानक मोठा आवाज झाला तर ठोके भरकटतात."

"उघाडीसारखं," हिरामण म्हणाला. उघाडी म्हणजे खाडीच्या बांधातली झडप; त्याचा बाप ती राखायचा. ओहोटीला उघडली नाही, की शेतात पाणी तुंबायचं.

"तसंच. हे आईकडून मुलीत उतरू शकतं, आणि उन्नतीच्या ईसीजीतही शंका आहे. रक्त तपासू. दोष निघाला तर गोळ्या आहेत."

उन्नती ऐकेना. "कळल्यावर झोप लागंल का मला, पप्पा? आत्ता झोपते तरी."

हिरामणनं डोअरबेलची वायर काढली. भात कुकरऐवजी पातेल्यात शिजू लागला. रोज तो उन्नतीला पायाच्या अंगठ्याला हात लावून उठवायचा. गोजराचा फोन चार्जिंग संपून कपाटात साड्यांखाली पडला होता. तरी चहा टाकताना तो वाजलेला हिरामणला ऐकू यायचा. हे त्यानं कुणाला सांगितलं नाही.

परवा तो उठवायला गेला तर उन्नती अंथरुणात ताठ बसलेली, हात छातीवर.

"आईचा फोन कशाला चार्ज केलात? केवढ्यानं वाजला!"

हिरामणनं कपाट उघडून फोन तिच्या हातात दिला. थंड, काळा. ती बटण दाबत राहिली.

"तुमाला पन आला आवाज?"

"रोज येतो."

तिनं फोन परत साड्यांखाली ठेवला. "झोप तर तशीही गेली. चला. देऊन टाकू रक्त."

लॅबमध्ये नंबर आला की घंटा वाजायची. पहिली घंटा झाली तशी उन्नतीनं बापाचं मनगट आवळलं, आणि ती त्याला ओढत बाहेर आली.

रक्त अजून द्यायचं राहिलं आहे.