छताखाली मलप्पा

भूकंपानंतर तीस वर्षं मलप्पा पक्क्या छताखाली झोपला नव्हता. गावात अंगणात बाज टाकायचा, पावसाळ्यात पत्र्याखाली. मुलगा बजरंग लातुरात क्लासला फिजिक्स शिकवायचा. त्यानं बापाला फ्लॅटवर आणलं, तर म्हातारा चटई घेऊन उघड्या पार्किंगमध्ये जाऊन पडला. सोसायटीनं तक्रार केली. सून बोलेनाशी झाली.

मग बजरंगनं नांदेड रोडवरचं ज्येष्ठांचं निवास केंद्र शोधलं. वेळेवर जेवण, आठवड्याला डॉक्टर, तळमजल्यावर खोली. कंधारची नाजिया तिथं म्हाताऱ्यांचं सगळं करायची. तिनं मलप्पाची खाट पत्र्याच्या पडवीत ओढून दिली. चार महिने त्याला गाढ झोप लागली.

जूनमध्ये केंद्रानं तळमजला विद्यार्थ्यांच्या अभ्यासिकेला दिला. म्हातारी माणसं तिसऱ्या मजल्यावर गेली. जिन्याला जाळीचं दार, दाराला कुलूप. मलप्पा दिवसभर ती जाळी धरून बसायचा. नाजिया त्याला गच्चीवर न्यायची; मॅनेजरनं तेही बंद केलं आणि बजरंगला बोलावून घेतलं.

"रोज एक गोळी देऊ. शांत राहतील. तुमची सही लागेल."

नाजियाला राहवलं नाही. "सर, गोळी नको. पत्र्याखाली खाट टाकू द्या, बस. दुसरं काय मागून राहिलेत ते?"

"खाली पोरं अभ्यास करतात," मॅनेजर म्हणाला.

बजरंग वर जाऊन बापाजवळ उकिडवा बसला. "अप्पा, सगळे राहतात की. तुम्हालाच काय होतंय?"

मलप्पा त्याच्याकडं वळला. "भूकंपात घराचं माळवद पडलं तवा तू अन् तुझी माय, दोघं बी वरडत व्हता. ती एका अंगाला, तू दुसऱ्या. मी एकटा. तुला आधी काढलं. तिच्याकडं गेलो तवर आवाज बंद झाल्ता." त्यानं छताकडं बोट केलं. "हितं डोळा मिटला की ती वरडती."

इतक्या वर्षांत त्यानं हे कुणाला सांगितलं नव्हतं. तेवढ्यात क्लासमधून फोन आला, बॅच बसली होती. त्यानं डोळे पुसले, खाली ऑफिसात गेला.

"अर्धीच द्या," म्हणाला, आणि सही केली.

महिन्याभरात अर्धीची एक झाली, दिवाळीपर्यंत दोन. मलप्पा जाळीकडं जायचा थांबला. मग उठायचाच थांबला. पाठीला जखमा झाल्या. नाजिया दर दोन तासांनी त्याची कूस बदलायची.

दिवाळीच्या सुट्टीत बजरंग फराळाचा डबा घेऊन आला. मॅनेजर खुशीत होता. "बघा, आता छताची तक्रार नाही."

नाजियानं चादर बाजूला केली. "सर, जरा धरा. कूस बदलायचीय."

बजरंग पुढं झाला. बापाची हाडं, ओलं धोतर, पाठीवरची पट्टी बघून त्याचे हात तसेच थांबले.

"कुठं धरू?" त्यानं विचारलं.

"राहू द्या," नाजिया म्हणाली, आणि तिनं एकटीनंच मलप्पाला वळवलं.