एकच धड जॅकेट

शाळेत असल्यापासून मला सगळ्या काकू म्हणतात. सातवीच्या सहलीला मी पिशवीतून सुईदोरा, डोकेदुखीचं मलम आणि मोज्यांचे दोन जादा जोड नेले होते, तेव्हापासून. आता अडतीस वर्षांची आहे, चष्म्याच्या दुकानात डोळे तपासते, दोन मुलांची आई आहे, तरी तिघींच्या तोंडी मी काकूच.

तिघी म्हणजे फौजदार, सिस्टर आणि मुंगी. फौजदार बेकरी चालवते. भट्टीवरच्या माणसांवर ओरडून ओरडून तिचा आवाज असा झालाय, की ती कुजबुजली तरी शेजारच्या खोलीत ऐकू जातं. सिस्टर इस्पितळात नर्स आहे. आणि मुंगी पुस्तकं बांधायच्या कारखान्यात कामाला. अंगाने एवढीशी आणि एका जागी बसेल तर शपथ.

चौघींनी मिळून कुठेतरी दोन दिवस जायचं, हे आम्ही पंधरा वर्षं बोलत होतो. दर उन्हाळ्यात कुणाच्या तरी मुलाला ताप यायचा, नाहीतर कुणाच्या तरी सासूबाई पाय मुरगळून बसायच्या. या वर्षी फौजदारने विचारलंच नाही. तळ्याकाठचं एक घर भाड्याने घेतलं आणि फोनवर सांगितलं, "शनिवारी सकाळी सातला दारात गाडी आणतेय. मेलीस तरच येऊ नकोस."

घर छान होतं. दोन खोल्या, पुढे लाकडी ओटा आणि ओट्यापासून पन्नास पावलांवर पाणी. दाराच्या आतल्या बाजूला घरमालकाने नियमांचा कागद चिकटवला होता. मी तो मोठ्याने वाचून दाखवला, कारण काकू ना मी. गॅस बंद करणे, कचरा बाहेर न ठेवणे, आणि पाचवा नियम : दुपारी वारा सुटल्यावर होडी पाण्यात नेऊ नये.

"आता तोंडी परीक्षा घे आमची," मुंगी म्हणाली.

दुपारी जेवणं झाली. सिस्टर दोन रात्रपाळ्या करून आली होती, ती आडवी झाली ती झालीच. फौजदार पहाटे तीनला उठणारी बाई, तिचंही घोरणं सुरू झालं. ऊन असं होतं की ओट्यावर पाय ठेववत नव्हता. मुंगी खिडकीतून होडीकडे बघत होती. पायडल मारायची होडी, पिवळ्या रंगाची, शेजारी शेजारी दोन जणांनी बसायची.

"एक चक्कर," ती म्हणाली. "वारा कुठंय? पान हलत नाहीये."

खरंच हलत नव्हतं.

होडीजवळ एका पिंपात लाइफ जॅकेटं ठेवली होती. चार. त्यातली दोन लहान मुलांची. उरलेल्या दोनपैकी एकाचे तिन्ही खटके शाबूत होते. दुसऱ्याचा वरचा एकच धड, खालचे दोन तुटलेले. ते मला दिसलं. दिवसभर चष्म्यांचे तिळाएवढे स्क्रू फिरवणारी मी, मला दिसणारच. मी धड होतं ते अंगात घातलं आणि दुसरं मुंगीला दिलं.

"पट्ट्यांची गाठ मार," एवढंच म्हटलं.

तिने गाठ मारली. मनात काही पाप होतं असं नाही. काहीच नव्हतं. दोन पोळ्यांतली मऊ आपल्या ताटात ओढून घ्यावी, तितक्या सहज झालं ते.

पहिली वीस मिनिटं आम्ही नुसत्या हसत होतो. दोघींचे पाय जुळेनात, होडी गोल गोल फिरायची. मग जमलं. काठावरचं घर काडेपेटीएवढं झालं, आणि तेवढ्यात माझ्या पायाखालचं पायडल एकदम हलकं पडलं. पाय फिरत होते, पण होडी जागची हलत नव्हती. आत कुठेतरी साखळी निसटली होती.

"तुझं बघ," मी म्हटलं.

"माझंही तसंच," मुंगी म्हणाली. मग खाली बघून, "काकू, माझे पाय ओले का होतायत?"

मी वाकून पाहिलं. तिच्या बाजूला, पाय ठेवायच्या खळग्यात, घोटाभर पाणी होतं. होडीला खाली दोन्हीकडे पोकळ कप्पे होते आणि डावा कप्पा कुठून तरी भरत होता. त्याच वेळी मानेमागे गार वाटलं. वारा आला होता. आधी पाण्यावर शिरशिरी उठली, मग लहान लाटा, मग लाटांचे आवाज. तो आम्हाला घरापासून दूर, पलीकडच्या काठाकडे ढकलू लागला. तो काठ अजून खूप लांब होता. फोन दोघींचेही घरी, टेबलावर. भिजतील म्हणून मीच ठेवायला लावले होते.

आम्ही हाका मारल्या. घसा फुटेपर्यंत मारल्या. तळ्यावर दुसरं कुणी नव्हतं.

आम्ही ओंजळीने पाणी उपसू लागलो. जितकं काढावं त्याच्या दुप्पट आत. होडी मुंगीच्या बाजूला कलली होती, ती सारखी माझ्याकडे सरकत होती आणि तिच्या दंडाचा थरथराट मला माझ्या दंडात लागत होता.

"हे बघ," मी आवाज शक्य तितका काकूसारखा ठेवून म्हटलं, "उलटलीच तर होडीला धरून राहायचं. नाहीच जमलं तर हळूहळू पोहत सुटायचं."

ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "मला पोहता येत नाही."

"काय बोलतेस? शाळेत दर बुधवारी आपण सगळ्या तलावावर—"

"दर बुधवारी माझं पोट दुखायचं. घरून चिठ्ठी आणायचे. चिठ्ठी मीच लिहायचे."

तेव्हा मला जी भीती वाटली तशी आजवर कधी वाटली नव्हती. बाळंतपणात नाही, मुलगा जिन्यावरून पडला तेव्हाही नाही. आणि त्या भीतीतच मला स्वच्छ कळलं, की आता अंगातलं जॅकेट काढून हिला द्यायला हवं. मला थोडंफार पोहता येतं. हिला नाही.

मी ते काढलं नाही.

मी पाणी उपसत राहिले. मनात एकीकडे म्हणत होते, दे, दे. दुसरीकडे मुलांचे चेहरे येत होते, आणि हात खटक्याकडे जायच्याऐवजी ओंजळच करत होते. हे किती वेळ चाललं? एक मिनिट असेल, दोन असतील. मुंगीची गाठ तेवढ्यात सुटली. जॅकेट तिच्या खांद्यावर फडफडू लागलं आणि ती ते एका हाताने धरून दुसऱ्या हाताने पाणी काढत राहिली. मागितलं मात्र नाही.

मग मी खटके काढले. "हात घाल यात. लवकर!"

"आणि तू?"

"मला तुझं दे. बडबडू नकोस."

कललेल्या होडीत दोन बायकांनी जॅकेटं बदलणं काय असतं ते मी सांगू शकत नाही. तिच्या अंगात घातलं, तिसरा खटका लागल्याचा टक् आवाज ऐकला, आणि होडी उलटली.

पाणी वरून कोमट होतं, खाली बर्फ. मी वर आले तेव्हा तुटक्या खटक्यांचं जॅकेट काखेतून निसटून चाललं होतं. ते मी छातीशी कवटाळलं. होडी पालथी पडली होती, तिचं पिवळं पोट वर. मुंगी दिसेना. मग दिसली, होडीच्या पलीकडे. जॅकेट तिच्या कानांपर्यंत चढलं होतं आणि तोंडात पाणी जात होतं.

मी हात मारत तिच्याजवळ गेले. तिने मला धरलं. मला नाही, माझी मान धरली. एवढीशी बाई, पण त्या हातांत कसला जोर होता! मी खाली गेले. डोळ्यांपुढे हिरवं, मग काळं. कवटाळलेलं जॅकेट सुटलं. वर यायला बघत होते आणि तिचा गुडघा माझ्या खांद्यावर. मी तिच्या पोटात लाथ मारली. जिवाच्या आकांताने मारली. हात सुटले.

वर येऊन मी ओरडले, "मला नको धरूस! होडीला धर! होडीला!"

तिने डोळे उघडले. मी तिला जॅकेटच्या मागच्या पट्ट्याला धरून होडीकडे ओढलं, तिचे हात होडीच्या कडेवर ठेवले. दोघी लटकलो. ती खोकत होती. मी तिच्यापासून हातभर लांब राहिले. तिने पुन्हा मान धरू नये म्हणून. हे खरं कारण.

वाऱ्याने आम्हाला ढकलत नेलं. किती वेळ, कोण जाणे. माझी बोटं कुणा दुसऱ्याची असल्यासारखी झाली होती. मुंगीचे ओठ जांभळे पडले आणि तिने बोलणं बंद केलं, तेव्हा मी तिला काहीबाही विचारत सुटले. तुझ्या मुलाचा वाढदिवस कधी? घराचा नंबर काय? तुझ्या सुपरवायझरला तुम्ही काय नाव ठेवलंय?

"घुबड," ती म्हणाली.

"का?"

"मान... फिरवतो... सगळीकडे."

मग हॉर्न ऐकू आला. लांबवर, पण थांबतच नव्हता. सिस्टरला तहान लागून जाग आली होती. टेबलावर दोन फोन, काठाला होडी नाही आणि तळ्याच्या मध्यावर काहीतरी पिवळं पालथं. तिने वारा कुठे वाहतोय ते पाहिलं, फौजदारला लाथेने उठवलं आणि दोघी गाडी घेऊन तळ्याला वळसा घालून पलीकडच्या काठाला आल्या. फौजदारने वाटभर हॉर्नवरचा हात काढला नव्हता.

काठाशी दाट लव्हाळं होतं आणि खाली पाय रुतणारा चिखल. होडी अडकून थांबली तेव्हा आम्ही काठापासून वीसेक हातांवर होतो, आणि मला तेवढंही जमेना.

"पाय मार!" फौजदार गरजली. "काकू, पाय मार म्हणते ना! सोड ती होडी!"

ती छातीभर पाण्यात आली होती. मागे सिस्टर, घरातल्या दोन चादरी एकमेकींना बांधून तिने टोक फौजदारच्या कमरेला अडकवलं होतं. मी मुंगीला पुढे ढकललं. फौजदारने तिला कणकेच्या पोत्यासारखी खांद्यावर टाकली. मग परत येऊन माझे केस धरले. हो, केसच. मिळाले ते धरले.

काठावर मी उलटी केली. फौजदार आम्हाला शिव्या देत होती आणि रडत होती. सिस्टरने मुंगीच्या पाठीला कान लावला, उठून उभी राहिली आणि आजवर कधी ऐकला नव्हता अशा थंड आवाजात म्हणाली, "हिच्या छातीत पाणी गेलंय. इस्पितळात चला. आत्ताच्या आत्ता."

रविवारी दुपारपर्यंत मुंगीला तिथे ठेवलं. शनिवारी संध्याकाळी फौजदार आणि सिस्टर चहा आणायला गेल्या, तेव्हा मी तिच्या खाटेजवळ बसले होते. नाकाला प्राणवायूची नळी. पोटावर माझ्या लाथेचा निळा डाग.

"लगेच दिलंस जॅकेट," ती म्हणाली. "मी असते तर सुचलंच नसतं."

गप्प बसता आलं असतं. "लगेच नाही दिलं," मी म्हटलं. "विचार करत होते. आणि आधीपासून माहीत होतं, तुझं तुटकं आहे ते."

मग तिने कूस बदलली, भिंतीकडे.

त्यानंतर तीन आठवडे तिचा फोन नाही. मी केला तर तिच्या सासूबाई उचलायच्या; "झोपलीये" म्हणायच्या. दुकानात मी लोकांना उलटसुलट नंबर लिहून देऊ लागले. एकदा नळाखाली डोकं धरलं आणि पाणी नाकावर येताच ओरडून मागे सरले, मुलं धावत आली.

शेवटी चौथ्या रविवारी मीच गेले. दार तिच्या नवऱ्याने उघडलं आणि माझे दोन्ही हात हातात घेतले.

"वहिनी, तुमचे उपकार कसे फेडू? स्वतःच्या अंगातलं काढून दिलंत. सख्खी बहीण नाही करणार."

जमीन दुभंगेल तर बरं, असं मला झालं. मुंगी मागे उभी होती. ती म्हणाली, "पुरे झालं. चहा टाका तुम्ही." आणि मला आत नेलं, दार लोटलं.

"त्यांना असं का सांगितलंस?"

"दिलंस ना शेवटी? मग." ती पलंगाच्या कडेवर बसली. "बाकीचं त्यांना कशाला? ते तुझं-माझं आहे. मला राग आलाय तुझा, काकू. अजून आहे. आणि मी तुझी मान धरली तेव्हा तू बुडतेयस हे मला कळत होतं. कळत होतं आणि मी सोडत नव्हते. त्याचं काय करू ते सांग."

मी तिच्या शेजारी बसले. तिचे केस तेलकट, चपटे झाले होते, डोक्याला चिकटलेले.

"केस धुतले नाहीस?"

"तोंडावर पाणी आलं की जीव जातो." ती रडायला लागली. "सासूबाई म्हणतात, मी घालते. मला भीती वाटते."

मी तिला हाताला धरून न्हाणीघरात नेलं. स्टूल ठेवलं. बादलीत ऊन पाणी काढलं आणि तांब्या भरला. तिने मान मागे केली, डोळे घट्ट मिटले आणि माझं मनगट पकडलं, असं की बोटं उमटावीत.

"हळू हं," ती म्हणाली.

"हळूच घालतेय," मी म्हटलं, आणि कपाळावर आडवा तळवा धरून पहिलं पाणी मागे, केसांवर सोडलं.